जाणारी तार, येणारी तार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



‘तार आली’ या दोन शब्दांनी पोटात गोळा येणारी पिढी आता फारशी उरलेली नाही. माझ्या लहानपणी अकोल्यात, आमच्या मोहल्ल्यात खाकी कपड्यांतला तारवाला सायकलवरून उतरला की बाया चुलीवरचा तवा तसाच ठेवून दारात येत. तार कुणाच्या घरची हे कळायच्या आधीच कुणीतरी पदर डोळ्यांना लावलेला असे. नोकरी लागल्याच्या, मुलगा झाल्याच्याही तारा येत. पण आधी भीती आणि मग बातमी, हा क्रम ठरलेला. १५ जुलै २०१३ पासून देशातली तारसेवा बंद झाली. शब्द मात्र मागे राहिला.

‘तार’ आपल्याकडे फारसीतून आली. तिकडे तिचा अर्थ धागा. सतारीला लागली ती तार, खांबावर चढली ती तार, आणि त्या तारेवरून आलेला कागद तोही तार. रस्त्याचं नाव वाटसरूला मिळावं, तसं झालं. पुढे तारेवाचून निरोप जायला लागले तेव्हा हिंदीनं त्याला ‘बेतार’ म्हटलं, उर्दूनं ‘लासिल्की’, आणि मराठीनं ‘बिनतारी’. कविता लिहिणाऱ्या माणसाला असल्या शब्दांचा नाद असतोच. म्हणून आज दूरसंचारातल्या काही साध्या शब्दांचा हात धरून, ही यंत्रं आपल्या वऱ्हाडात कशी आली ते आठवायचं आहे. सोबत एक प्रश्नही आहे. निरोप येतो हे खरं. पण आपलं उत्तर परत जातं का?

वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं १८५३ साली. त्याच सुमारास डॉ. ओशॉनेसी नावाचा कलकत्त्यातला डॉक्टर या देशात तारेचे खांब उभे करत होता. फेब्रुवारी १८५५ मध्ये तार सर्वसामान्यांसाठी खुली झाली. आपल्याकडे ती रेल्वेच्या बाजूबाजूनं आली. मुंबईहून निघालेली जीआयपी रेल्वे भुसावळ, अकोला, बडनेरा करत १८६७ साली नागपूरला पोहोचली. ‘लाईन’ हा शब्द रुळांनाही लागू झाला आणि तारेलाही. आजही आपल्याकडचा माणूस ‘लाईन गेली’ म्हणतो तेव्हा वीज गेली की फोन बंद पडला, हे त्याच्या तोंडाकडे बघून ओळखावं लागतं.

ही सगळी धावपळ कशासाठी होती? कापसासाठी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडला, आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. १८७० साली खामगावला रेल्वेचा फाटा आला. त्याच्या उद्घाटनाला गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो स्वतः खामगावात आले होते. त्याच वर्षी मुंबईपासून एडन, सुएझमार्गे इंग्लंडपर्यंत समुद्राच्या तळातून तार पूर्ण झाली. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यानं तारेनं मागणी करावी आणि वऱ्हाडातला कापूस साधारण सहा आठवड्यांत त्याच्या धक्क्यावर उतरावा, इतकं ते अंतर आटलं.

आता या यंत्रातली एक गंमत बघा. विजेला जायला वाट लागते तशी परतायलाही लागते. त्याशिवाय प्रवाह वाहत नाही. पण तारायंत्राला खांबावर एकच तार पुरायची. मग वीज परत कुठून यायची? जमिनीतून. दोन्ही टोकांना पत्रा जमिनीत पुरलेला असे आणि परतीचा प्रवास मातीतून होई. तंत्रज्ञ त्याला ‘अर्थ रिटर्न’ म्हणतात. म्हणजे जाण्याची वाट लोखंडाची आणि येण्याची वाट मातीची. लिव्हरपूलचा भाव आमच्या डोक्यावरून गेला आणि परतीची वीज आमच्या पऱ्हाटीच्या मुळांखालून.

त्या मातीत राबणाऱ्या कास्तकाराला तो भाव कळत होता का? आपल्याकडच्या बाजारांत भाव रुमालाखाली ठरत. अडत्या आणि खरेदीदार रुमाल पांघरून एकमेकांची बोटं दाबत, आणि ज्याचा माल तो बाजूला बैलाचा कासरा धरून उभा. ‘दलाल’ आणि ‘हर्रास’ हे शब्द अरबीतून आले, ‘लिलाव’ पोर्तुगीजातून. कास्तकाराला यातल्या कुठल्याच भाषेत बोलायची सोय नव्हती. १८८६ मध्ये कारंजा लाडला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. देशातल्या बाजार समित्यांची वंशावळ इथूनच सुरू होते. लिव्हरपूलची तार येऊन तोवर सत्तावीस वर्षं झाली होती. वेग आधी आला. कास्तकाराचा विचार नंतर.

तारेच्या धंद्यात एक शब्दजोडी आहे: सिंप्लेक्स आणि डुप्लेक्स. एका वेळी एकाच दिशेनं निरोप जाणार ते सिंप्लेक्स. दोन्हीकडून एकाच वेळी जाऊ शकणार ते डुप्लेक्स. १८७० च्या दशकात एकाच तारेवर दोन्ही दिशांनी निरोप धाडण्याची युक्ती वापरात आली, तेव्हापासूनचे हे शब्द. मला वाटतं, सगळ्या दूरसंचाराचा इतिहास या दोन शब्दांत बसतो.

मग आला टेलिफोन. १८८२ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रासला एक्सचेंज सुरू झाली. एक्सचेंज म्हणजे अदलाबदल. शंभर घरांना एकमेकांशी थेट जोडायचं तर प्रत्येक घरातून नव्याण्णव तारा निघाव्या लागतील. त्याऐवजी प्रत्येकाची एक जोडी तार एका ठिकाणी आणायची आणि तिथे हवी ती जोडी हवी तिला लावून द्यायची. हे लावून देण्याचं काम म्हणजे ‘स्विचिंग’. आधी ते ऑपरेटर करत. बोर्डावरच्या भोकांत पितळी टोकाच्या दोऱ्या खुपसून. त्या भोकाला ‘जॅक’ म्हणत. आजच्या मुलांच्या कानातल्या इअरफोनचा जॅक हा त्याच घराण्यातला.

मराठीनं टेलिफोनला ‘दूरध्वनी’ हा सुरेख शब्द दिला; तो सावरकरांच्या नावावर सांगितला जातो. कचेरीच्या पाट्यांवर, लग्नपत्रिकांत तो रुळला. बोलताना मात्र आपण फोनच म्हणत राहिलो. एक्सचेंजचंही तसंच. पाटीवर ‘दूरध्वनी केंद्र’, आणि रिक्षावाल्याला सांगताना ‘टेलिफोन एक्सचेंज’.

एका गावातल्या एक्सचेंजपासून दुसऱ्या गावातल्या एक्सचेंजपर्यंत जाणारी वाट ती ‘ट्रंक’. ट्रंक म्हणजे झाडाचं खोड. घराघरात जाणाऱ्या तारा या फांद्या, आणि दोन गावांना जोडणारं खोड. लहानपणी मी ट्रंक कॉल म्हणजे लोखंडी पेटीशी संबंधित काहीतरी समजत असे. आमच्या घरी ट्रंक होती, फोन नव्हता.

याच ट्रंकेची एक आठवण सांगतो. १९८० सालची, हंगामातली. अब्बा अकोल्यात एका जिनिंगमध्ये फिटर होते. जिनिंगच्या ऑफिसात एक काळा फोन होता. नानी अमरावतीला. एके दिवशी फजरच्या वेळी नानी वारली. मामूंनी सकाळी सातला जिनिंगच्या नंबरावर ट्रंक कॉल बुक केला. तेव्हा कॉलचे प्रकार असत: ऑर्डिनरी, अर्जंट, लायटनिंग, जसा दर तसा नंबर लवकर लागे. मामूंनी अर्जंट लावला आणि खात्री नको म्हणून धाकट्या मुलाला एसटीत बसवून दिलं. अंतर शंभरेक किलोमीटर. साडेदहाला मामेभाऊ आमच्या दारात उभा. अकराच्या गाडीनं अम्मी निघालीसुद्धा. आणि साडेअकराला जिनिंगमधला फोन वाजला.

अमरावतीत वडीलधाऱ्यांनी ठरवलं होतं, मय्यत जास्त वेळ ठेवायची नाही. जोहरच्या नमाजनंतर दफन करायचं. पोरगा पोहोचला की नाही, बहिणीला कळलं की नाही, मामूंना काहीच ठाऊक नव्हतं. फोनवर अब्बा एवढंच ओरडून बोलले, “निकल गई वो, ग्यारह की गाडी से.” तेवढ्या एका वाक्यानं दफन असरपर्यंत थांबलं. अम्मी दोन वाजता पोहोचली. तिला तिच्या आईचं तोंड बघायला मिळालं.

पुढे कितीतरी वर्षं घरात ही गोष्ट ‘एसटी फोनपेक्षा लवकर आली’ अशी हसून सांगितली जायची. मला त्यातलं खरं मर्म फार उशिरा उमगलं. बातमी एसटीनं आणली होती. फोननं आणलं ते उत्तर. एसटीही उत्तर घेऊन परतली असती. पण ते दफन झाल्यावर.

मग कॉल लागायला साडेचार तास का लागले? त्यात माणसाचा दोष नव्हता. वाट अरुंद होती. इथे ‘चॅनेल’ हा शब्द येतो. बोलणं समजायला साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढा कंपनांचा पट्टा पुरतो. शेजारच्याला धक्का लागू नये म्हणून थोडी मोकळी जागा सोडून एका संभाषणाला ४ किलोहर्ट्झ देत. हा झाला एक चॅनेल. असे चॅनेल वेगवेगळ्या उंचीवर नेऊन एकावर एक रचायचे. बारा चॅनेलांचा एक ‘ग्रुप’, पाच ग्रुपांचा ‘सुपरग्रुप’, म्हणजे साठ संभाषणं. जिनिंग-प्रेसिंगमध्ये सुटी रुई दाबून गठाण बांधावी, गाडीत घालावी आणि दुसऱ्या टोकाला सोडून परत सुटी करावी, तसंच हे. याला ‘मल्टिप्लेक्सिंग’ म्हणतात. दोन गावांमध्ये जितके चॅनेल, तितकीच माणसं एका वेळी बोलणार. बाकीच्यांनी रांगेत उभं राहायचं. ज्याच्या घरी मौत झाली त्यानंही.

दुसरी अडचण आवाजाची. दूर जाताना तो क्षीण होत जातो. म्हणून वाटेत ठिकठिकाणी ‘रिपीटर’ बसवतात. तो थकलेल्या आवाजाला पुन्हा जोर देतो. पण आवाज वाढवणारं हे यंत्र एकाच दिशेनं चालतं. त्यामुळे लांबच्या ट्रंकेवर जाणाऱ्या आवाजाला दोन तारा आणि येणाऱ्या आवाजाला वेगळ्या दोन, अशी ‘चार-तारी’ व्यवस्था करावी लागते. घरापर्यंत मात्र ‘दोन-तारी’. या चारांचे दोन जिथे होतात तिथे ‘हायब्रिड’ नावाचं एक रोहित्र असतं. त्याचा तोल जमला नाही की आपलाच आवाज फिरून आपल्या कानात येतो. समोरच्याचं ऐकू येण्याऐवजी आपलंच ऐकू येणं, हा दोष फक्त यंत्रांत असतो असं नाही.

ऑपरेटरला न सांगता दुसऱ्या गावाला थेट फोन लावायची सोय म्हणजे एसटीडी. भारतात ती १९६० साली कानपूर आणि लखनौ यांच्यात सुरू झाली, आणि हळूहळू आपल्याकडे पोहोचली. अमरावती ०७२१, अकोला ०७२४. हे आकडे आमच्या पिढीला घरनंबरासारखे पाठ आहेत. पण घरोघरी फोन कुठे होते? त्या काळच्या व्हिजिटिंग कार्डांवर फोन नंबरापुढे कंसात ‘पी. पी.’ लिहिलेलं असे. म्हणजे फोन शेजाऱ्याचा, बोलणारे आम्ही. शेजारीण खिडकीतून हाक मारी, आणि ओल्या हातांनी कुणीतरी धावत जाई.

१९८४ साली सरकारनं सी-डॉट ही संस्था काढली. सॅम पित्रोदा यांचं नाव तिच्याशी कायमचं जोडलेलं आहे. परदेशी इलेक्ट्रॉनिक एक्सचेंजना वातानुकूलित खोली लागे. सी-डॉटनं १२८ जोडण्यांचं लहान ग्रामीण एक्सचेंज केलं, ते आपल्या उन्हात आणि धुळीत एसीवाचून चालणारं. १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला ते बसलं, आणि मग देशभरच्या गावांत गेलं. अकोल्याचा मे महिना ज्यानं भोगला आहे त्याला या साध्या गोष्टीची किंमत वेगळी सांगायला नको.

ही एक्सचेंज ‘डिजिटल’ होती. म्हणजे काय? आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घ्यायचे, प्रत्येक नमुना आठ बिटांत, म्हणजे शून्य आणि एकाच्या आठ खुणांत मांडायचा, आणि त्या खुणा पाठवायच्या. तीस संभाषणांचे नमुने आळीपाळीनं, एकामागून एक, एकाच वाटेवरून जातात. आधी उंची वाटून घेतली होती, आता वेळ वाटून घेतली. शिवाय वाटेतली खरखर वाढत जात नाही; दर टप्प्यावर खूण नव्यानं, स्वच्छ लिहिली जाते. कातिबानं जुनी फाटकी पोथी नव्या कागदावर उतरून काढावी तशी.

बी.ए. झाल्यावर दोन वर्षं मी अकोल्यात एका पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथवर बसलो. काचेच्या खोक्यात गिऱ्हाईक, बाहेर मी आणि लाल आकडे पळवणारा मीटर. एक गोष्ट रोज दिसे: गाव जितकं लांब, तितका माणूस मोठ्यानं ओरडे. मूर्तिजापूरला साध्या आवाजात, नागपूरला जरा वर, आणि मुंबईला तर बेंबीच्या देठापासून. रिपीटरवर त्यांचा भरवसा नव्हता.

एक कास्तकार मला आठवतो. तूर अकोल्यात विकावी की अमरावतीला न्यावी, हे ठरवायला आला होता. अमरावतीला फोन लागला, पलीकडच्यानं भाव सांगितला आणि ठेवून दिला. हा रिसीव्हर धरून तसाच उभा. मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, “भाव सांगतला त्यानं. माहं कोन आयकते?” मीटरवर पंधरा सेकंदांचे पैसे झाले होते. लिव्हरपूलची तार आली तेव्हा त्याच्या पणजोबानं हेच म्हटलं असणार.

एक्सचेंजपासून गिऱ्हाइकाच्या घरापर्यंतच्या तुकड्याला या धंद्यात ‘लास्ट माईल’ म्हणतात, शेवटचा मैल. खोड उभं करणं सोपं. प्रत्येक पानापर्यंत रस पोहोचवणं खर्चाचं. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणानं १९९७ पर्यंत प्रत्येक गावात फोन न्यायचं ठरवलं होतं. ती मुदत पाळली गेली नाही. खेड्याकडून पाहिलं तर हा शेवटचा मैल नसून पहिला मैल आहे. नाव ठेवणारा शहरात उभा होता, म्हणून तो शेवटचा झाला.

हा मैल शेवटी ओलांडला तो मोबाईलनं. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल केला. मोबाईलला ‘सेल’फोन म्हणतात, कारण सगळा मुलूख मधाच्या पोळ्यासारख्या कप्प्यांत वाटलेला असतो. प्रत्येक कप्प्याला एक टॉवर. अकोल्याहून अमरावतीला जाताना बोरगाव मंजू, मूर्तिजापूर, बडनेरा असं आपलं बोलणं एका टॉवरच्या हातून दुसऱ्याच्या हाती दिलं जातं. त्याला ‘हँडओव्हर’ म्हणतात. टॉवरपासून पुढे ते बिनतारी राहतेच असं नाही. अनेक ठिकाणी ते काचेच्या तंतूत, फायबरमध्ये शिरतं. टॉवरला मुख्य जाळ्याशी बांधणाऱ्या या दुव्याला ‘बॅकहॉल’ म्हणतात. तो तुटला तर टॉवर उभा असूनही मुका.

मेळघाटातल्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही. धारणी तालुक्यातलं हरिसाल २०१६ साली ‘डिजिटल गाव’ म्हणून देशभर गाजलं. तिथे ‘व्हाईट स्पेस’ नावाचं तंत्र वापरलं. टीव्हीच्या दोन वाहिन्यांच्या मध्ये न वापरलेल्या रिकाम्या लहरी असतात, त्यांवरून इंटरनेट नेण्याचं. कवितेतल्या कोऱ्या जागेसारखा हा शब्द मला फार आवडला होता. २०१९ च्या निवडणुकीत त्याच गावाची चित्रफीत भर सभेत दाखवून, सोयी कागदावरच राहिल्याचा आरोप झाला. वाद कुणी जिंकला ते मला महत्त्वाचं वाटत नाही. गावाविषयी सगळे बोलले. गावाचं बोलणं किती जणांनी ऐकलं?

एक शेवटचा शब्द सांगून थांबतो. तांब्याच्या फोनलाईनवरून इंटरनेट देण्याची एडीएसएल नावाची पद्धत होती. त्यातल्या ‘ए’चा अर्थ असमान. घराकडे येणारी वाट रुंद ठेवलेली, घरातून जाणारी अरुंद. तंत्रज्ञांनी हिशेब केला होता की लोक घेतील फार आणि सांगतील थोडं. हिशेब व्यवहाराला धरून होता. पण १८७० पासून वऱ्हाडाशी झालेला सगळा व्यवहार याच हिशेबानं झाला आहे. आज कास्तकाराच्या खिशातल्या फोनवर कुठल्याही बाजाराचा भाव दिसतो. भाव दिसणं आणि भावाबद्दल आपलं म्हणणं कुणीतरी ऐकणं यांच्यातलं अंतर मात्र कुठल्याच कंपनीच्या टॉवरनं मोजलेलं नाही.

अम्मी आता थकली आहे. अमरावतीच्या भाचरांचा फोन आला की ती कधीच पहिल्यांदा ‘काय बातमी?’ असं विचारत नाही. फोन कानाला लावते आणि म्हणते, “मेरी आवाज आ रही क्या?” पलीकडून ‘हां फुफी’ आलं की मगच बसते आणि बोलायला लागते. खांबावर चढलेला लाईनमनही दुरुस्ती झाली की आधी हेच विचारतो.